विश्लेषण : धुरांडे स्वच्छ, तरी हवा विषारी? कोक भट्ट्यांचे प्रदूषण नियम नेमके काय मोजतात?

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराजवळ नेव्हिल बेटावर शेनँगो नावाचा कोक प्रकल्प होता. जानेवारी २०१६ मध्ये तो बंद झाला. नंतर न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी परिसरातील रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे आपत्कालीन विभागात येणाऱ्या स्थानिक रुग्णांची साप्ताहिक संख्या प्रकल्प बंद होताच ४२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. हा काही चोरून चालणारा कारखाना नव्हता. त्याला परवाना होता, तपासनीसांची ये-जा होती, कायदाही लागू होता. तरीही आसपासच्या लोकांच्या शरीरात काय जात होते, हे कारखाना बंद पडल्यावरच एवढे ठळकपणे दिसले. कोक भट्ट्यांच्या प्रदूषण नियमांची खरी अडचण इथेच आहे. भारत पोलादाचे उत्पादन झपाट्याने वाढवत असताना ती समजून घेणे गरजेचे ठरते.

कोक म्हणजे काय आणि तो लागतो कशाला?

लोहखनिजापासून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीत साधा दगडी कोळसा टाकून चालत नाही. तो भट्टीत फुटतो, चिकटतो आणि गरम वाऱ्याची वाट अडवतो. म्हणून विशिष्ट प्रतीचा कोळसा आधी हवाबंद भट्टीत सुमारे हजार ते अकराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. हवा नसल्याने तो जळत नाही. त्यातील वायू, डांबर, तेलकट द्रव्ये बाहेर पडतात आणि मागे कठीण, सच्छिद्र, जवळजवळ शुद्ध कार्बनचा दगड उरतो. हाच कोक.

एका खेपेला साधारण १६ ते २४ तास लागतात. एक टन कोकसाठी सुमारे १.३ ते १.४ टन कोळसा लागतो. म्हणजे भट्टीत घातलेल्या कोळशाचा साधारण चौथा हिस्सा वायू, वाफ आणि डांबराच्या रूपात बाहेर पडतो. हा भाग नळांतून शुद्धीकरण यंत्रणेकडे गेला तर ते इंधन आणि रसायन. वाटेत निसटला तर ते विष. कोक प्रकल्पाचे प्रदूषण नियंत्रण म्हणजे या दोन शक्यतांमधली झुंज.

प्रदूषण नेमके कुठून होते?

कारखान्याचे प्रदूषण म्हटले की डोळ्यांसमोर उंच धुरांडे येते. कोक भट्टीत मात्र धुरांडे हा अनेक वाटांपैकी एकच मार्ग असतो.

या भट्ट्या अरुंद असतात. रुंदी जेमतेम अर्धा मीटर, उंची चार ते सात मीटर, लांबी बारा मीटरच्या पुढे. पुस्तकांच्या कपाटात पुस्तके उभी लावावीत तशा पन्नास-साठ-सत्तर भट्ट्या एका रांगेत असतात. या रांगेला बॅटरी म्हणतात. प्रत्येक भट्टीला दोन्ही टोकांना उंच लोखंडी दार, माथ्यावर कोळसा ओतण्यासाठी झाकणे आणि वायू वाहून नेणारा उभा नळ असतो. आतला वायू दाबाखाली असतो. जिथे फट, तिथून तो बाहेर.

शिवाय रोजच्या कामाचे तीन टप्पे धुराचे असतात. तापलेल्या भट्टीत वरून कोळसा ओतताना वायू एकदम उसळतो. कोक तयार झाल्यावर दोन्ही दारे उघडून यंत्राने तो लालभडक लगदीसारखा बाहेर ढकलतात. कोळसा पुरता भाजला नसेल, तर त्या क्षणी काळ्या धुराचा लोट उठतो. नंतर तो कोक पाण्याने विझवतात, तेव्हा वाफेबरोबर कण आणि पाण्यातील क्षारही हवेत जातात. चौथी वाट छुपी असते. भट्टीची विटांची भिंत तडकली की कच्चा वायू शेजारच्या ज्वलनमार्गात शिरतो आणि धुरांड्यातून काळा धूर निघू लागतो. धुरांडे काळवंडले की अनुभवी तंत्रज्ञ आधी भिंतीकडे पाहतात.

या धुरात काय असते?

भट्टीच्या वायूत हायड्रोजन, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड हे मुख्य घटक असतात. त्याबरोबर बेंझिन, नॅप्थलिन, अमोनिया, सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड आणि बेंझो-ए-पायरिनसारखी डांबरातील संयुगे येतात. बेंझिन आणि बेंझो-ए-पायरिन या दोहोंना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. कोक तयार करण्याचा व्यवसायही त्याच गटात आहे.

याचा पुरावा कामगारांच्या मृत्यूंतून मिळाला. पिट्सबर्ग ज्या अॅलेगेनी काउंटीत आहे, तेथील पोलाद कामगारांचा दीर्घकालीन अभ्यास विल्यम लॉइड यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. भट्टीच्या माथ्यावर पाच वा अधिक वर्षे काम केलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू होण्याचा धोका सुमारे दहापट असल्याचे त्यात दिसले. झाकणे उघडणारे, कोळसा ओतणारे हे कामगार गळतीच्या थेट वर उभे असत. त्यानंतर, १९७६ मध्ये अमेरिकेत कोक भट्टी कामगारांसाठी स्वतंत्र सुरक्षा नियम जाहीर झाले.

शेनँगो प्रकल्पाच्या अभ्यासाने कुंपणाबाहेरच्या लोकांचे चित्र समोर आणले. प्रकल्प बंद झाल्यावर जवळच्या मापन केंद्रावर सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी घटले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात श्वसनविकारांसाठी आपत्कालीन विभागात येणाऱ्यांची संख्या सुमारे २० टक्क्यांनी, तर मुलांमधील दम्यासाठीच्या फेऱ्या सुमारे ४१ टक्क्यांनी लगेच कमी झाल्याचे आढळले.

दारांची गळती मोजतात कशी?

धुरांड्यात यंत्र बसवता येते. दीडशे दारांच्या फटींवर कसे बसवणार? म्हणून अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये कोक भट्ट्यांसाठी जे नियम केले, त्यांत मोजमापाची एक साधी पण चिकाटीची पद्धत घातली. प्रशिक्षित आणि प्रमाणित निरीक्षकाने रोज बॅटरीच्या कडेने ठरावीक चालीने चालत जायचे आणि डोळ्यांनी पाहून किती दारांतून धूर येतो ते मोजायचे. माथ्यावरची झाकणे आणि नळ यांचीही अशीच मोजदाद. कोळसा ओतताना धूर किती सेकंद दिसला, हे घड्याळ लावून नोंदवायचे. ही तपासणी रोज होते आणि सलग ३० तपासण्यांची सरासरी मर्यादेत ठेवावी लागते.

मर्यादा टक्क्यांत असते. समजा, एका बॅटरीत ७० भट्ट्या आहेत. म्हणजे दारे १४०. मर्यादा चार टक्के असेल, तर सरासरी पाच दारे गळत असली तरी प्रकल्प नियमात बसतो. सहा झाली की नियमभंग. पाच आणि सहामध्ये फरक एका दाराचा आहे. ते दार साफ करणाऱ्या, चौकट घट्ट करणाऱ्या कामगाराच्या हातात त्या दिवशीचे नियमपालन असते.

या पद्धतीचे बळ आणि मर्यादा दोन्ही यातच आहेत. रोज कोणी तरी येऊन पाहणार, या जाणिवेने देखभाल सुधारते. पण निरीक्षक एका फेरीपुरते पाहतो, भट्ट्या चोवीस तास चालतात. शिवाय ‘दार गळते’ एवढेच नोंदले जाते, किती गळते ते नाही. धुराची बारीक रेघ आणि दाट लोट, हिशेबात दोन्ही एकच. बेंझिन तर डोळ्यांना दिसतही नाही.

नियम पाळणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे?

कायद्याची भाषा बाजूला ठेवली तर यातले बरेचसे काम देखभालीचे आहे. प्रत्येक खेपेनंतर दाराच्या कडेवर आणि चौकटीवर डांबर व कार्बनचा थर जमतो. तो खरवडला नाही तर पुढच्या वेळी दार नीट बसत नाही. उष्णतेने चौकटी वाकतात, त्या बदलाव्या लागतात. माथ्यावरच्या झाकणांच्या कडा ओल्या मातीच्या लेपाने बंद केल्या जातात. लेप देण्यात हयगय झाली की धूर दिसतो.

कोळसा ओतताना उसळणारा वायू आत खेचण्यासाठी नळात जास्त दाबाने अमोनियायुक्त पाण्याचा फवारा मारतात. त्यामुळे ओढ निर्माण होते आणि वायू माथ्यावरून उडण्याऐवजी गोळा करणाऱ्या मोठ्या नळात जातो. कोक ढकलताना उठणारा धूर टोपीसारख्या आवरणाखाली ओढून पिशव्यांच्या गाळणीतून नेतात. विझवण्याच्या मनोऱ्यात वाफेतले कण अडवणाऱ्या फळ्या बसवतात आणि गढूळ, क्षारयुक्त सांडपाणी तिथे वापरू नये असा दंडक असतो. अमेरिकेत २००३ च्या नियमांनी या पाण्यातील विरघळलेल्या घटकांवर लिटरला १,१०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे.

याहून चांगला पर्याय म्हणजे पाण्याशिवाय विझवणे. लाल कोक बंद कक्षात नायट्रोजनसारख्या वायूने थंड करतात आणि त्या उष्णतेवर वाफ व वीज तयार करतात. धूर कमी, ऊर्जाही मिळते. भांडवली खर्च मात्र मोठा.

सगळ्यात अवघड प्रश्न वयाचा. विटांच्या भिंती वर्षानुवर्षे तापून तडकतात. बाहेरून तडे बुजवता येतात, पण कधी तरी भट्टी नव्याने बांधणे किंवा बंद करणे एवढेच मार्ग उरतात. दोन्हींना पैसा लागतो आणि उत्पादन थांबते. म्हणून कंपन्यांचा कल भट्टी शक्य तितकी ओढत नेण्याकडे राहतो.

क्लेअरटनमध्ये काय घडले?

पिट्सबर्गपासून सुमारे २५ किलोमीटरवर, मोनोंगाहेला नदीच्या काठी यूएस स्टील कंपनीचा क्लेअरटन कोक प्रकल्प आहे. उत्तर अमेरिकेतील हा सर्वात मोठा कोक प्रकल्प. याच खोऱ्यातल्या डोनोरा गावात ऑक्टोबर १९४८ मध्ये जस्त व पोलाद कारखान्यांचा धूर थंड हवेच्या थराखाली अडकून २० जणांचा मृत्यू झाला होता. अमेरिकेतील हवाविषयक कायद्यांच्या मागे त्या घटनेचा मोठा वाटा मानला जातो. दरीत थंड हवा खाली बसून धूर कोंडला जाणे, हा प्रकार तिथे आजही होतो.

२४ डिसेंबर २०१८ रोजी क्लेअरटनमध्ये आग लागली आणि भट्टीच्या वायूतील गंधक काढणारी यंत्रणा बंद पडली. भट्ट्या मात्र सहजी विझवता येत नाहीत. विटा थंड झाल्या की भिंती तडकून कायमच्या निकामी होऊ शकतात. त्यामुळे कोक बनत राहिला आणि गंधक न काढलेला वायू कंपनीच्या परिसरातील कारखान्यांत जळत राहिला. स्थानिक आरोग्य विभागाने आसपासच्या वस्त्यांना सावधगिरीचा इशारा दिला तो ९ जानेवारीला, म्हणजे दोन आठवड्यांहून अधिक काळाने. यंत्रणा पूर्ववत व्हायला तीन महिन्यांहून जास्त वेळ लागला. त्या काळात सल्फर डायऑक्साइडची पातळी अनेकदा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली.

पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या, आरोग्य विभागही त्यात सामील झाला. जानेवारी २०२४ मध्ये तडजोड झाली. कंपनीने ५० लाख डॉलरचा दंड आणि त्याव्यतिरिक्त कोट्यवधी डॉलरच्या सुधारणा मान्य केल्या. नागरिकांनी दाखल केलेल्या हवा प्रदूषण दाव्यांमध्ये पेनसिल्व्हेनियातील हा सर्वात मोठ्या दंडांपैकी एक. पण २०२३ या वर्षात कंपनीचा निव्वळ नफा ८९.५ कोटी डॉलर होता. दंडाची रक्कम त्याच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास भरते. जुन्या तीन बॅटऱ्या २०२३ मध्ये बंद झाल्या, हा बदल परिसराच्या दृष्टीने दंडापेक्षा मोलाचा ठरला.

११ ऑगस्ट २०२५ रोजी याच प्रकल्पात स्फोट होऊन दोन कामगारांचा मृत्यू झाला, दहा जण जखमी झाले. प्राथमिक चौकशीनुसार वायूच्या एका झडपेवर काम सुरू असताना हा प्रकार घडला. ही घटना प्रदूषण नियमभंगाची नव्हे, अपघाताची. पण जो वायू फटीतून निसटला की शेजाऱ्यांच्या फुप्फुसात जातो, तोच कोंडून पेटला की कामगारांचा जीव घेतो. गळती रोखणे हा पर्यावरण खात्याच्या कागदापुरता विषय नाही. प्रकल्पात सुमारे १,३०० लोक काम करतात आणि गावाची अर्थव्यवस्था त्यावर चालते. ‘बंद करा’ आणि ‘चालू ठेवा’ या दोन्ही मागण्या अनेकदा एकाच घरातून येतात.

कुंपणावरच मोजमाप का हवे?

डोळ्यांनी दारे मोजण्याची मर्यादा लक्षात घेऊन अमेरिकी संस्थेने जुलै २०२४ मध्ये नवे नियम प्रसिद्ध केले. त्यांत प्रकल्पाच्या हद्दीवर चहूबाजूंनी बेंझिन मोजणाऱ्या नळ्या लावण्याची अट होती. या नळ्या दोन-दोन आठवडे हवेत ठेवून नंतर प्रयोगशाळेत तपासतात. प्रकल्पामुळे वाढलेले बेंझिनचे वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरमागे ७ मायक्रोग्रॅमच्या वर गेले, तर कंपनीने मूळ कारण शोधून दुरुस्ती करायची. तेल शुद्धीकरण कारखान्यांना अशी अट आधीपासून लागू आहे.

यातला मुद्दा साधा आहे. बेंझिन दारातून निसटले, झाकणातून की शुद्धीकरण विभागातील एखाद्या टाकीतून, याने शेजाऱ्याला फरक पडत नाही. कुंपणावरची नळी सगळ्यांची बेरीज सांगते.

हे नियम प्रत्यक्षात येण्यापूर्वीच अडले. पोलाद उद्योगाने खर्च आणि तंत्रज्ञानाच्या उपलब्धतेचा मुद्दा मांडला. २०२५ मध्ये मुदत पुढे ढकलण्यात आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी घोषणेद्वारे कोक प्रकल्पांना या नव्या नियमांतून दोन वर्षांची सवलत दिली. आवश्यक तंत्रज्ञान उपलब्ध नाही आणि सवलत राष्ट्रीय सुरक्षेच्या हिताची आहे, ही त्यामागची कारणे. जुने नियम, म्हणजे दारांची रोजची मोजदाद, कायम आहेत.

भारतात नियम काय आहेत?

भारतात कोक भट्ट्यांसाठी पर्यावरण संरक्षण नियमांखाली स्वतंत्र मानके आहेत. २०१२ मध्ये ती सुधारण्यात आली. पद्धत अमेरिकेसारखीच, टक्केवारीची. गळणाऱ्या दारांचे प्रमाण नव्या बॅटरीत पाच टक्के, जुन्या बॅटरीत दहा टक्क्यांपर्यंत चालते. माथ्यावरच्या झाकणांसाठी एक टक्का, नळांच्या झाकणांसाठी चार टक्के. नव्या बॅटरीत कोळसा ओतताना धूर १६ सेकंदांहून अधिक दिसता कामा नये. धुरांड्यातील धूलिकणांसाठी घनमीटरमागे ५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

वरचेच उदाहरण घेतले, तर १४० दारांच्या जुन्या बॅटरीत १४ दारांतून धूर येत असला तरी भारतीय नियमात ते बसते.

बेंझो-ए-पायरिनसाठीही मानक आहे. बॅटरीच्या माथ्यावर घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम, प्रकल्पातील इतर विभागांत २ मायक्रोग्रॅम. आपण सगळे ज्या हवेत श्वास घेतो तिच्यासाठी २००९ च्या राष्ट्रीय मानकांत याच पदार्थाची वार्षिक मर्यादा एक नॅनोग्रॅम आहे. म्हणजे भट्टीच्या माथ्यावर चालणारे प्रमाण बाहेरच्या हवेच्या मर्यादेच्या पाच हजारपट. दोन मानकांचे हेतू वेगळे आहेत हे खरे. पण त्या माथ्यावर माणसे काम करतात, हेही तितकेच खरे.

२०१४ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषणकारी १७ उद्योग गटांना धुरांड्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसवून त्यांचे आकडे थेट मंडळाला पाठवण्यास सांगितले. एकात्मिक पोलाद कारखाने त्यात येतात. ही मोठी सुधारणा होती. मात्र ही यंत्रे धुरांड्यात असतात. दार, झाकण, कोक ढकलणे, विझवणे या वाटांनी जे जाते, ते या आकड्यांत उमटत नाही. पडद्यावर सगळे हिरवे दिसत असताना माथ्यावर पिवळा धूर असू शकतो.

दंडाची रचनाही बदलली आहे. १९८१ च्या हवा कायद्यातील तुरुंगवासाच्या अनेक तरतुदी जनविश्वास कायद्याने काढल्या. एप्रिल २०२४ पासून त्यांच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. मोठ्या पोलाद कारखान्याच्या उलाढालीत १५ लाख रुपये किती, हे सांगायला नको. अर्थात, संमतीपत्र रोखणे किंवा प्रकल्प बंद करण्याचे आदेश देणे हे मंडळाच्या हातातले खरे हत्यार आजही आहे.

महाराष्ट्र आणि गोव्याशी संबंध काय?

रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातील डोलवी येथे पोलाद संकुलाचा भाग म्हणून कोक भट्ट्या आहेत. गोव्यात डिचोली तालुक्यातील आमोणा परिसरातही कोक तयार होतो. आमोण्यातील भट्ट्या वेगळ्या जातीच्या आहेत. त्यांत वायू गोळा करून त्याची रसायने काढत नाहीत. तो भट्टीतच जाळतात आणि त्या उष्णतेवर वीज बनवतात.

या प्रकारात आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. त्यामुळे फट असली तर वायू बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत जाते. दारांची गळती, बेंझिन, डांबर हे प्रश्न त्यामुळे बरेच हलके होतात. पण गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, तो धुरांड्यात अडवावा लागतो. कोळसा ओतणे, कोक ढकलणे आणि विझवणे यांचा धूर राहतोच. म्हणजे ‘भट्टी कोणत्या प्रकारची’ हे कळल्याशिवाय ‘प्रदूषण कुठे शोधायचे’ हे कळत नाही.

हा विषय आणखी वाढणार आहे. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणात २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन क्षमतेचे लक्ष्य आहे. जानेवारी २०२५ पासून केंद्राने कमी राखेच्या कोकच्या आयातीवर मर्यादा घातल्या, त्यामुळे देशातील कोक उत्पादनाला चालना मिळते. गडचिरोलीला पोलाद केंद्र करण्याची घोषणा राज्य सरकारने केली आहे. प्रत्येक पोलाद प्रकल्पात कोक भट्ट्या असतातच असे नाही. विजेच्या भट्टीत भंगार वितळवून किंवा स्पंज आयर्न वापरूनही पोलाद होते. पण झोतभट्टी आली की कोक आला, आणि तो कुठे तरी भाजावा लागणारच.

नागरिकांनी काय विचारावे?

२००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत कोक भट्टी प्रकल्पांची स्वतंत्र नोंद आहे. मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी होते. मंजुरीनंतर दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. म्हणजे प्रश्न विचारायला जागा आहे. ते नेमके असावेत एवढेच.

भट्टी वायू गोळा करणारी की आतच जाळणारी? दारांची गळती कोण मोजते, कंपनीचा माणूस की बाहेरचा? रोज की महिन्यातून एकदा? कोक पाण्याने विझवणार की नायट्रोजनने? पाण्याने असेल तर कोणत्या पाण्याने? गंधक काढणारी यंत्रणा बंद पडली तर पर्यायी यंत्रणा आहे का, आणि गावाला किती तासांत कळवले जाईल? माथ्यावर काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांची आरोग्य तपासणी होते का, आणि तिचा अहवाल त्यांच्या हातात मिळतो का? हद्दीवर बेंझिन मोजले जाते का?

यांपैकी बऱ्याच प्रश्नांची उत्तरे धुरांड्यावरच्या यंत्रात मिळणार नाहीत. ती दाराच्या चौकटीवर, लेप देणाऱ्या कामगाराच्या हातात, देखभालीच्या नोंदवहीत आणि कुंपणावरच्या नळीत असतात. शेनँगोच्या शेजाऱ्यांना आपल्या हवेचा हिशेब कारखाना बंद झाल्यावर मिळाला. तो कारखाना चालू असतानाच मिळावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.